हाडांतील चुना कातडीत
मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या एका दुर्लक्षित विकाराची ओळख

शेतीशी ज्यांचा संबंध आहे त्यांना नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. खताच्या गोणीवरील आकड्यांत स्फुरदाचे प्रमाण किती हे ग्रामीण भागातील शाळकरी मुलगाही वाचून दाखवील. परंतु हेच स्फुरद माणसाच्या हाडांचाही एक आधारस्तंभ आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्याचा ९९ टक्के भाग हाडांत व दातांत साठविलेला असतो. कॅल्शियम आणि स्फुरद यांच्या संयोगातूनच हाडांना कठीणपणा येतो. या दोघांच्या भेटीची जागा निसर्गाने नेमून दिली आहे. ही भेट नेमलेली जागा सोडून कातडीत, कातडीखालील चरबीत किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंतींत होऊ लागली तर केवढा अनर्थ ओढवतो, हे मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांच्या बाबतीत दिसून येते.

हा विषय वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आहे, त्याच्याशी सरपंचांना किंवा शिक्षकांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील. काही वर्षांपूर्वी हा प्रश्न रास्त ठरला असता. रक्त यंत्राद्वारे शुद्ध करण्याची जी क्रिया अपोहन किंवा डायलिसिस या नावाने ओळखली जाते, ती दीर्घकाळ मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरती मर्यादित होती. आता तसे राहिलेले नाही. २०१६ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, जिल्हा रुग्णालयांतून अपोहनाची सोय होऊ लागली, आणि आपल्या राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही या उपचाराचा समावेश आहे. परिणामी आठवड्यातून दोन-तीन वेळा एस.टी.ने तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाऊन अपोहन करून घेणारा रुग्ण आज खेड्यातही आढळतो. पूर्वी जो काही महिन्यांतच दगावला असता तो आता वर्षानुवर्षे जगतो. ही समाधानाची गोष्ट होय. तथापि जे विकार उद्भवण्यास वर्षे लागतात, ते विकारही त्याच्याबरोबर गावात येऊन पोहोचले आहेत, याची जाणीव गावास असणे जरूर आहे.

मूत्रपिंडाचे न दिसणारे काम

मूत्रपिंडाचे काम लघवी तयार करणे, एवढेच आपण शाळेत शिकलेलो असतो. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. मुठीएवढ्या आकाराच्या या दोन अवयवांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व द्रव शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर तेवढा लघवीवाटे बाहेर पडतो. या गाळणीतूनच अन्नावाटे आलेले जादा स्फुरद बाहेर टाकले जाते. दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. उन्हातून व आहारातून मिळणारे ड जीवनसत्त्व जसेच्या तसे शरीराच्या कामी येत नाही. त्यावर यकृतात एक आणि मूत्रपिंडात दुसरा असे दोन संस्कार व्हावे लागतात. मूत्रपिंडातील हा शेवटचा संस्कार झाला तरच आतडी अन्नातील कॅल्शियम नीटपणे शोषून घेऊ शकतात.

मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की ही दोन्ही कामे एकाच वेळी बिघडतात. एकीकडे स्फुरद साचत जाते, दुसरीकडे कॅल्शियमचे शोषण मंदावते. रक्तातील कॅल्शियम थोडेसे जरी कमी झाले तरी हृदय, स्नायू व मज्जातंतू यांच्या कार्यात अडथळा येतो. म्हणून शरीर ते प्रमाण राखण्यासाठी धडपडू लागते. या धडपडीची सूत्रे गळ्यातील चार चिमुकल्या ग्रंथींच्या हाती असतात. त्यांना परावटू ग्रंथी म्हणतात. प्रत्येकीचा आकार साधारणतः मसुरीच्या दाण्याएवढा.

या ग्रंथींच्या शोधाची हकीकत मोठी मौजेची आहे, आणि तिचा आपल्या देशाशीही संबंध आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक भारतीय एकशिंगी गेंडा १८४९ साली मरण पावला. त्याचे शवविच्छेदन रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध शास्त्रज्ञाने केले. त्या अवाढव्य प्राण्याच्या गळ्यात त्यांना एक लहानशी पिवळसर गाठ दिसली आणि तिची त्यांनी नोंद करून ठेवली. माणसाच्या गळ्यातही अशा ग्रंथी असतात हे सिद्ध व्हावयास मात्र १८८० साल उजाडावे लागले. स्वीडनमधील उप्साला येथील ईव्हार सँडस्ट्रॉम या तरुणाने हे काम केले. त्या काळी त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही.

कॅल्शियम कमी पडले की या ग्रंथींतून एक संप्रेरक स्रवते आणि ते हाडांतील साठा मोकळा करते. पतपेढीतील ठेव मोडून घरखर्च भागवावा, तसा हा प्रकार आहे. एखाद्या महिन्याची अडचण असेल तर ठेव मोडणे शहाणपणाचे ठरते. पण मूत्रपिंडे कायमची निकामी झाली म्हणजे ही अडचण दररोजची होते. ग्रंथी आकाराने वाढतात, अहोरात्र संप्रेरक पाझरू लागतात, आणि हाडे पोकळ होत जातात. हाडांतून जे बाहेर येते त्यात एकटे कॅल्शियम नसते. त्याच्याबरोबर स्फुरदही येते. ते बाहेर टाकणारी गाळणी तर आधीच बंद पडलेली असते. म्हणजे ज्या रक्तात स्फुरद अगोदरच साचले आहे, त्याच रक्तात आणखी स्फुरद व आणखी कॅल्शियम येऊन पडते.

खार कोठे धरतो

ज्या गावचे पाणी जड आहे तेथील गृहिणीला बंबाच्या आतल्या बाजूस धरणारा पांढरा खार चांगला परिचित असतो. पाण्यात मावतील त्यापेक्षा अधिक क्षार झाले की ते कोठेतरी बसतात. रक्ताच्या बाबतीतही काहीसे असेच घडते. निरोगी प्रौढाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारणतः साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम कॅल्शियम आणि अडीच ते साडेचार मिलिग्रॅम स्फुरद असते. या दोन आकड्यांचा गुणाकार ७० च्या वर गेला की चुना शरीरात भलत्या ठिकाणी बसण्याचा धोका वाढतो, असा एक ठोकताळा डॉक्टर मंडळी पुष्कळ काळ वापरीत आली.

परंतु बंबाचा दृष्टांत एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. रक्तवाहिनी ही निर्जीव नळी नव्हे. स्फुरद वाढले की तिच्या भिंतीतील स्नायुपेशी आपला मूळ स्वभाव सोडून हाडे घडविणाऱ्या पेशींसारखे वर्तन करू लागतात, असे संशोधनात आढळून आले आहे. शिवाय चुना भलत्या जागी बसू नये म्हणून शरीरात काही पहारेकरी प्रथिने असतात. त्यांपैकी एकाला आपले काम करण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे वॉरफरिन हे औषध नेमके याच जीवनसत्त्वाच्या कार्याला विरोध करते. गुठळ्यांपासून वाचविणारे औषध चुन्याला मात्र वाट मोकळी करून देते, असा हा पेच आहे. अर्थात हे वाचून कोणीही आपल्या मनाने हे औषध बंद करू नये. ते अचानक थांबविल्याने होणारा अपाय याहूनही भयंकर ठरू शकतो.

कातडीत चुना साचण्याचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात आणि त्यांतील भेद ध्यानात घेणे महत्त्वाचे आहे.

पहिल्या प्रकारात सांध्यांच्या आसपास, बोटांच्या टोकांशी, कोपरापाशी टणक गाठी येतात. क्वचित एखादी गाठ फुटून तीतून खडूच्या पाण्यासारखा पांढरा द्रव येतो. युरिक आम्लाच्या विकारातही अशाच पांढऱ्या गाठी येत असल्यामुळे दोहोंत गल्लत होण्याचा संभव असतो. या गाठी त्रासदायक असल्या तरी सामान्यतः जिवावर बेतत नाहीत. रक्तातील स्फुरद आटोक्यात आले, अथवा मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले, तर त्या काही महिन्यांत विरघळूनही जातात.

दुसरा प्रकार भीषण आहे. यात चुना कातडीखालच्या चरबीतील अगदी बारीक रोहिण्यांच्या भिंतींत बसतो. आधीच अरुंद असलेला मार्ग आणखी आवळला जातो, पुढे त्यात गुठळी होते, आणि त्या रोहिणीवर अवलंबून असलेला कातडीचा भाग रक्ताअभावी मरतो. याला कॅल्सिफिलॅक्सिस असे नाव आहे. माँट्रियल येथील हान्स सेली या शास्त्रज्ञाने उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे १९६० नंतरच्या वर्षांत हा शब्द रूढ केला व १९६२ साली त्यावर ग्रंथही लिहिला. मानसिक ताणाच्या संशोधनामुळे ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, तेच हे सेली. त्यांच्या उंदरांना जे झाले ते आणि रुग्णांना जे होते ते, या दोन गोष्टी एक नाहीत, असे पुढे दिसून आले. पण नाव चिकटले ते चिकटलेच.

हा विकार विरळा आहे. अपोहनावर असलेल्या दर हजार रुग्णांमागे वर्षाला एक ते चार जणांना तो होतो, असे परदेशांतील नोंदींवरून दिसते. स्त्रिया, मधुमेही व स्थूल व्यक्ती यांच्यात तो अधिक आढळतो. मात्र तो झालेल्यांपैकी निम्मे किंवा त्याहूनही अधिक रुग्ण वर्षभरात दगावतात. मृत्यू बहुधा जखमेत जंतुसंसर्ग होऊन तो रक्तात पसरल्यामुळे येतो. विरळ असूनही या विकाराविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण हेच.

जखमेआधी वेदना

या विकाराचे एक वैशिष्ट्य असे की, वेदना आधी येते आणि जखम मागाहून. पोट, मांड्या, नितंब यांसारख्या चरबी अधिक असलेल्या भागी आधी नुसतेच दुखू लागते. वेदना इतकी तीव्र असते की कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही. कातडीकडे पाहावे तर तेथे फारसे काही दिसत नाही. घरातील माणसांना वाटते, आजारपणाने हळवा झालेला माणूस उगाच कण्हतो आहे. नंतर तेथे जांभळट, जाळीसारख्या रेषा उमटतात. हाताला कातडीखाली फळकुटासारखा टणकपणा लागतो. पुढे त्या जागी व्रण पडतो व त्यावर चामड्यासारखी काळी खपली धरते.

खेड्यात अशा वेळी काय घडते याची कल्पना करणे कठीण नाही. पोटावर काळा डाग दिसला म्हणजे कोणी भाजल्याचा व्रण समजून मलम लावतो, कोणी मधुमेहाचे गळू म्हणतो, कोणी पोटीस बांधतो, कोणी खपली ओढून काढतो. हे सारे उपाय येथे घातक आहेत. रक्तपुरवठा नसलेली कातडी शेकल्याने किंवा चोळल्याने बरी होत नाही, तिचा व्रण मात्र वाढतो. अपोहनावर असलेल्या माणसाच्या पोटावर वा मांडीवर दोन-तीन दिवसांहून अधिक काळ टिकणारी तीव्र वेदना, जाळीदार जांभळा डाग किंवा काळी खपली दिसली, तर अपोहनाच्या पुढील फेरीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. आशा कार्यकर्ती आणि आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका यांना एवढी एक गोष्ट माहीत असली तरी कित्येक दिवस वाचतील, आणि या विकारात वाचलेल्या दिवसांना फार किंमत आहे.

येथे एक खुलासा करणे इष्ट ठरेल. मूत्रपिंडाच्या रुग्णांना कातडीची खाज आणि कोरडेपणा हा त्रास अत्यंत सार्वत्रिक आहे. खाजवून उमटलेला प्रत्येक ओरखडा म्हणजे कॅल्सिफिलॅक्सिस नव्हे. उगाच भीती पसरविणे हा या लेखाचा हेतू नाही.

आठवड्याचा हिशेब

मुळात स्फुरद साचतेच का, अपोहनाने ते निघून जात नाही का, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाची सवय असणाऱ्यांना पुढील हिशेब सहज पटेल. सर्वसाधारण आहारातून दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम स्फुरद पोटात जाते. त्यातील ६० टक्के अंगी लागते असे धरले, तर आठवड्याची जमा ४,२०० मिलिग्रॅम होते. चार तासांच्या एका अपोहनात सुमारे ८०० मिलिग्रॅम बाहेर पडते. आठवड्यातून तीन वेळा अपोहन केले तर खर्च २,४०० मिलिग्रॅम, शिल्लक १,८००. आपल्याकडे अनेक रुग्ण दोनच फेऱ्या करतात. त्यांचा खर्च १,६०० आणि शिल्लक २,६००. ज्यांना थोडीफार लघवी होते त्यांची शिल्लक काहीशी कमी पडेल एवढेच. इतर सर्व हिशेबांत शिल्लक राहणे चांगले मानतात. येथे ती शिल्लकच रक्तवाहिन्यांत जाऊन बसते.

तिसरी फेरी का चुकते, हेही उघड आहे. उपचार विनामूल्य झाला तरी प्रवासखर्च, सोबतच्या माणसाची बुडालेली रोजंदारी, पावसाळ्यात बंद पडणारा रस्ता, ही खर्चाची बाजू कोणत्याही योजनेच्या कागदावर पूर्णपणे उतरत नाही. ज्या गावात अपोहनाचे दोन-तीन रुग्ण आहेत, तेथे त्यांचे वार एकत्र जुळवून एका वाहनाची व्यवस्था करणे हे काम एखादा उत्साही ग्रामपंचायत सदस्य कोणत्याही मंजुरीवाचून करू शकतो.

उरलेल्या शिलकीसाठी गोळ्या असतात. या गोळ्या अन्नातील स्फुरद आतड्यातच बांधून ठेवतात आणि ते शौचावाटे बाहेर पडते. सबब त्या जेवणाबरोबरच घ्यावयाच्या असतात. रिकाम्या पोटी किंवा रात्री झोपताना घेतलेली गोळी स्फुरद बांधणार कोठून? साधी बाब आहे, परंतु पुष्कळ रुग्ण येथेच चुकतात. पूर्वी यासाठी ॲल्युमिनियमयुक्त औषधे देत. त्यांचा हाडांवर व मेंदूवर दुष्परिणाम होतो असे आढळल्यानंतर ती मागे पडली आणि कॅल्शियमयुक्त गोळ्या आल्या. त्यांनी स्फुरद बांधले, पण काही रुग्णांत कॅल्शियमचा बोजा वाढविला. त्यानंतर सेव्हेलामेरसारखी कॅल्शियमविरहित औषधे निघाली. ती तुलनेने महाग आहेत.

याच संदर्भात एक घातक समज दूर करावयास हवा. हाडे दुखतात, अंगात शक्ती नाही, म्हणून औषधाच्या दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने परस्पर घेण्याचा प्रघात सर्वत्र वाढला आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या बाबतीत हाडांचे दुखणे कॅल्शियमच्या तुटवड्यामुळे नसून ते भलतीकडे वाहून गेल्यामुळे असू शकते. फुटलेल्या पाटात आणखी पाणी सोडल्याने शेत भिजत नाही, शेजारची वाट तेवढी चिखलाने भरते. तंबाखूबरोबर मळला जाणारा आणि विड्याच्या पानाला लावला जाणारा चुना हाही कॅल्शियमच होय. तैवानमध्ये चुना लावलेली सुपारी सतत चघळणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम अतोनात वाढल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नमूद झालेली आहेत. तेव्हा डॉक्टरांनी आहाराची चौकशी केली असता पानतंबाखूचा उल्लेख संकोचाने टाळू नये.

आहाराविषयी थोडक्यात एवढेच सांगता येईल की, स्फुरद सर्व प्रथिनयुक्त पदार्थांत असल्याने ते पूर्णपणे वर्ज्य करणे अशक्य आहे आणि तसा प्रयत्न केल्यास रुग्ण कुपोषित होईल. डाळी व धान्ये यांतील स्फुरदाचा बराच भाग अंगी लागत नाही, दूध व मांस यांतील त्याहून अधिक लागतो, आणि पाकीटबंद खाद्यपदार्थ, प्रक्रिया केलेले चीज व काळी शीतपेये यांत मिसळलेले स्फुरद जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते. म्हणजे भाकरी-आमटीपेक्षा रुग्णाला भेटावयास येणाऱ्यांनी आणलेली बाटली व पाकिटे अधिक अपायकारक. डाळ वा भाजी उकळून ते पाणी टाकून दिल्यास स्फुरद आणखी कमी होते. अंतिम सल्ला अर्थातच आहारतज्ज्ञांचा.

छायाचित्रकाराचे रसायन

कॅल्सिफिलॅक्सिसवर हमखास गुण देणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. २००४ सालापासून एका औषधाचा वापर होऊ लागला, ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जुन्या काळी काळोख्या खोलीत छायाचित्रे धुणाऱ्यांना ते हायपो या नावाने ठाऊक होते. माहिती कार्यालयांतील वयोवृद्ध छायाचित्रकारांना त्याचा वासही आठवत असेल. अर्थात औषध म्हणून वापरले जाणारे रसायन निर्जंतुक व शुद्ध स्वरूपाचे असते आणि ते अपोहन चालू असताना शिरेवाटे देतात. अनेक रुग्णांच्या वेदना त्याने कमी झाल्याचे डॉक्टरांनी नोंदविले आहे. तथापि त्याची उपयुक्तता निर्विवादपणे सिद्ध झाली आहे असे म्हणता येत नाही.

त्याच्या जोडीला इतर उपाय एकाच वेळी योजावे लागतात. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची औषधे थांबविणे, अपोहनाच्या द्रवातील कॅल्शियमचे प्रमाण ठरविणे, वॉरफरिन चालू असल्यास त्याला पर्याय शोधणे, वेदनाशमन करणे, जखमेची दररोज निगा राखणे, आणि परावटू ग्रंथी अतिशय वाढलेल्या असल्यास त्यांना आवरणारे औषध देणे किंवा शस्त्रक्रिया करून त्या काढणे. निदानासाठी कातडीचा तुकडा काढून तपासावा की नाही, हाही नाजूक प्रश्न असतो, कारण तेथील नवी जखम भरून येईलच याची शाश्वती नसते. त्याचा निर्णय तज्ज्ञांवरच सोपवावा.

रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलविताना नातेवाइकांनी तीन गोष्टी सोबत न्याव्यात. मागील तीन-चार महिन्यांतील कॅल्शियम, स्फुरद व परावटू संप्रेरक यांच्या तपासण्यांचे कागद, शेवटचे अपोहन कोणत्या तारखेस झाले याची नोंद, आणि घरात असलेल्या सर्व औषधांची पिशवी. दुकानातून परस्पर आणलेल्या शक्तिवर्धक गोळ्यांची रिकामी पाकिटेही त्या पिशवीत असावीत. बऱ्याच वेळा तज्ज्ञांचा हात प्रथम त्यांच्याकडेच जातो.